आड कोणी उपसला?



सरकारी नोकरांचा संप सुरू झाला की गिरणीच्या फाटकावर आणि चहाच्या टपरीवर एक बोलणं हमखास कानी पडतं. "त्यांना काय कमी आहे? महिन्याच्या महिन्याला पगार, वर महागाई भत्ता, वर पेन्शन. आपल्याला कोण देतंय? मरू द्या त्यांना!" बोलणाऱ्याचा राग खोटा नाही. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं तर चार खेपा, दर खेपेला एक खाडा, आणि खाड्याचा पगार कापला जातो तो आपला. खिडकीपलीकडचा माणूस मान वर करून बोलत नाही. हे आम्हीही सोसलं आहे. त्यावर पांघरूण घालायला आम्ही ही पानं लिहीत नाही.

तरीही आम्ही निक्षून सांगतो. "तिजोरीत पैसा नाही" म्हणून राज्य सरकार जेव्हा आपल्या नोकरांचा पगार तोडतं, जागा मोडतं, माणसं घरी बसवतं, तेव्हा गिरणीकामगाराने टाळ्या वाजवायच्या नाहीत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपले वाडवडील सांगून गेले. सरकारी नोकरावर कुऱ्हाड पडणार असेल तर पडो, पण तिला दांडा आपण पुरवायचा का? हा सवाल आहे.

मालकाची भाषा, सरकारचं तोंड

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ही म्हण आपल्याला मालकाने पाठ करून दिली आहे. बोनस मागितला की मंदी असते. पगारवाढ मागितली की कापूस महागलेला असतो, माल उठत नसतो. तेजी येते तेव्हा मात्र "या, नफा वाटून घेऊ" असं बोलावणं कधी आलेलं नाही. आज तीच म्हण सरकारच्या तोंडी आहे. तिजोरी रिकामी, कर्ज डोईजड, म्हणून नोकर कमी करा.

कपात ही वाजतगाजत येत नाही. ठेवणीतल्या कापडाला कसर लागते तशी ती लागते. घडी उलगडावी तेव्हा भोकं दिसतात. पहिल्याने, जो निवृत्त झाला त्याची जागा भरायची नाही. दोघांचं काम एकाच्या गळ्यात. दुसऱ्याने, त्या रिकाम्या जागेवर ठेकेदाराचा माणूस आणायचा. काम तेच, पगार निम्मा, सुट्टी नाही, उद्याची खात्री नाही. तिसऱ्याने, महागाई भत्ता गोठवायचा. २०२० साली करोनाच्या नावाखाली केंद्र सरकारने आपल्या नोकरांचे भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. जुलै २०२१ पासून वाढ पुन्हा सुरू झाली, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही. चौथ्याने पेन्शनला हात घालायचा, आणि तोही नव्याने लागणाऱ्यांच्या, म्हणजे जुने ओरडत नाहीत. शेवटी बडतर्फीची नोटीस.

गिरणीतल्या माणसाला हे शिकवायला नको. बदलीवाल्याला फाटकावरून परत पाठवणं, दोन मागांवरून चार माग गळ्यात घालणं, मग कायम कामगार काढून ठेकेदाराचा आणणं, ही सगळी पायरी आपण आपल्या पाठीवर मोजली आहे. फरक इतकाच की आपल्याकडे हे मालक करतो आणि तिथे सरकार करतं. सरकारने ते केलं की मालकाला परवाना मिळतो. "खुद्द सरकार ठेकेदाराची माणसं ठेवतं, मग आम्ही का नको?" असं तो उद्या आपल्याला विचारील. विचारील काय, विचारतोच आहे.

दोन राज्यांच्या हकिगती सांगतो. एक आपल्या देशातली, एक सातासमुद्रापलीकडची. युनियनच्या कचेरीत साथींबरोबर बसून, वाचून, एकमेकांना समजावून घेऊन आम्ही त्या जमवल्या आहेत.

तामिळनाडू, २००३

पाचव्या वेतन आयोगानंतर सगळ्याच राज्यांच्या तिजोऱ्यांवर ताण आला होता. तामिळनाडूत जयललिता यांचं सरकार होतं. महसुलाचा मोठा वाटा पगार आणि पेन्शनवर जातो, असं सांगून त्या सरकारने नोकरांच्या जुन्या सवलती एकामागून एक छाटल्या. रजेचा पैसा, पेन्शनच्या सवलती, सगळ्याला कात्री लागली. १ एप्रिल २००३ नंतर नोकरीत येणाऱ्यांची जुनी पेन्शनच बंद झाली. संघटनांनी अर्ज केले, मोर्चे काढले. शेवटी २ जुलै २००३ ला कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले.

सरकारने काय केलं? संपाच्या तोंडावरच पुढाऱ्यांची धरपकड केली. चौकशीशिवाय बडतर्फ करता यावं म्हणून अध्यादेश काढला. आणि दीड लाखाहून जास्त माणसं एका फटक्यात नोकरीतून काढली. दीड लाख! मुंबईच्या १९८२ च्या संपात आपले अडीच लाख होते, त्यावरून अंदाज करा. कारकून, शिक्षक, शिपाई, बायाबापड्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले म्हातारे, सगळे एका रांगेत. त्यांच्या जागी ठोक पगारावर तात्पुरती माणसं नेमायला सुरुवात झाली.

मंडळी कोर्टात गेली. उच्च न्यायालय म्हणालं, आधी प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जा. त्या न्यायाधिकरणावर त्या वेळी एकच सदस्य होता. दीड लाख माणसांचं गाऱ्हाणं ऐकायला एक माणूस! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे सरकारने बहुतेकांना परत घ्यायचं कबूल केलं, पण बिनशर्त माफी आणि पुन्हा असं न करण्याची हमी लिहून घेऊन. अटक झालेले आणि गुन्हे दाखल झालेले यातून वगळले. ६ ऑगस्ट २००३ च्या निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायद्याने नाही, आणि नैतिकही नाही.

या निकालाचा दाखला आजतागायत प्रत्येक संपात दिला जातो. तेव्हा "ते तिकडे मद्रासला झालं, आपल्याला काय" असं म्हणून चालणार नाही.

पुढे काय झालं तेही ऐका. २००४ च्या मे महिन्यात लोकसभेचे निकाल लागले. तामिळनाडूतल्या ३९ जागांपैकी सरकारी पक्षाच्या आघाडीला एकही मिळाली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच सरकारने कर्मचाऱ्यांवरच्या कारवाया मागे घेतल्या. कोर्टात जे मिळालं नाही ते मतपेटीने मिळवून दिलं. मतपेटीत एकट्या नोकरांचं मत नव्हतं. सवलती तुटलेला शेतकरी होता, रेशनवाला होता, गरीब होता. सगळ्यांचा राग एका बाजूला वळला तेव्हा सरकार वाकलं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. बडतर्फी परत गेली, नव्यांची पेन्शन मात्र परत आली नाही. तो बदल पुढे वर्षानुवर्षे राहिला. गाजावाजा होतो तो घाव भरून येतो. न वाजता लागलेली कसर तशीच राहते.

विस्कॉन्सिन, २०११

आता अमेरिकेत चला. विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचं आणि कारखान्यांचं राज्य. सरकारी नोकरांच्या युनियनशी बसून करार करायचा कायदा अमेरिकेत पहिल्याने याच राज्याने १९५९ साली केला. तिथल्या सरकारी नोकरांच्या एका मोठ्या संघटनेचं मूळही १९३२ साली याच राज्याच्या राजधानीत, मॅडिसन शहरात रुजलं.

२०११ च्या जानेवारीत तिथे स्कॉट वॉकर नावाचे गव्हर्नर गादीवर आले. आल्या आल्या धंदेवाल्यांना करसवलती देणारे कायदे झाले; त्यांचा बोजा पुढच्या दोन वर्षांच्या अर्थसंकल्पावर पडायचा होता. आणि फेब्रुवारीत जाहीर झालं की तिजोरीत तूट आहे! तोडगा काय? नोकरांनी पेन्शनचा निम्मा वाटा स्वतः भरावा, आजारपणाच्या विम्याचा जास्त हप्ता भरावा. आणि युनियनने मूळ पगाराखेरीज कशावरही बोलू नये, तेही महागाईच्या मर्यादेत. वर्गणी पगारातून कापून मिळणार नाही. दरवर्षी युनियनने नव्याने मतदान घेऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा. आणि त्यात मतदान करणाऱ्यांचं नव्हे, तर सगळ्या नोकरांचं बहुमत पाहिजे. म्हणजे जो घरी झोपला त्याचंही मत युनियनच्या विरोधात! आणि कायदा झाला नाही तर? दीड हजार नोकरांना काढावं लागेल, अशी धमकी.

इथे नीट लक्ष द्या. युनियनच्या पुढाऱ्यांनी जाहीर केलं, "पैशाची कपात आम्ही सोसतो. पेन्शनचा वाटा भरतो, विम्याचा हप्ता भरतो. पण करार करायचा आमचा हक्क काढू नका." तूटच बुजवायची असती तर तिथेच प्रश्न मिटला असता. गव्हर्नर नाही म्हणाले.

मग विरोधी पक्षाचे चौदा सिनेटर राज्य सोडून शेजारच्या इलिनॉयमध्ये जाऊन राहिले. कारण पैशाच्या बिलाला जास्त हजेरी लागते. ते नसले तर बिल पुढे सरकत नाही. इकडे हजारो माणसं विधानभवनात ठाण मांडून बसली. शिक्षक, नर्सा, विद्यार्थी. पोलीस आणि आगीच्या बंबावरचे जवान यांना या कायद्यातून बऱ्याच अंशी वगळलं होतं. फोडा आणि झोडा ही तिकडेही ठाऊक असलेली विद्या आहे. पण बंबावरचे जवान गणवेशात मोर्च्यात आले आणि शिक्षकांच्या बरोबरीने चालले. त्यांना आमचा लाल सलाम!

सरकारने यावर तोड काय काढली? बिलातला पैशाचा भाग बाजूला काढला आणि युनियनचे हात बांधणारा भाग ९ मार्चला सिनेटमध्ये मंजूर करून घेतला. पैशाचा संबंध नाही, म्हणून जास्त हजेरीची गरज नाही! ज्या बिलाला तुटीची दुरुस्ती म्हटलं, त्याचा गाभा पैशाचा नव्हताच, हे सरकारने आपल्याच हाताने लिहून दिलं. यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या कोर्टात मागायचा?

पुढे गव्हर्नरला परत बोलावण्यासाठी नऊ लाखांवर सह्या झाल्या. ५ जून २०१२ ला मतदान झालं, आणि गव्हर्नरच जिंकले. का जिंकले? कारणं पुष्कळ असतील. एक कारण आम्हाला ओळखीचं वाटतं. बाहेरच्या खाजगी कामगाराला सांगितलं गेलं होतं की तुझी पेन्शन गेली, तुझा विमा गेला, मग या सरकारी माणसाला तुझ्या कराच्या पैशातून का मिळावं? "माझं गेलं, मग त्याचंही जाऊ दे" हे विष फार लवकर भिनतं. "माझं गेलं ते परत आण, त्याचं आहे ते राख" असं म्हणायला संघटना लागते. त्यानंतरच्या वर्षांत त्या राज्यातल्या युनियन खंगत गेल्या. २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या एका न्यायाधीशाने या कायद्याचा बराच भाग घटनाबाह्य ठरवला, पण अपिलापायी त्या निकालाची अंमलबजावणी थांबली. तेरा वर्षं! मोडायला एक महिना पुरला, उभं करायला एक पिढी लागते.

आड उपसला तो कोणी?

आता आपल्या मूळ सवालाकडे येऊ. पगार आणि पेन्शन यांचा बोजा मोठा आहे हे आम्ही नाकारत नाही. वेतन आयोग लागला की राज्याला जड जातं, हेही खरं. पण वाण्याच्या वहीलासुद्धा दोन बाजू असतात, जमा आणि नावे. नावेची बाजू रोज वाचून दाखवायची आणि जमेच्या पानावर हात ठेवायचा, हा कुठला हिशेब?

२०१९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने कंपन्यांच्या नफ्यावरचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांना १५ टक्के. यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये सोडले जातील, हा आकडा सरकारनेच सांगितला. हे एकट्या केंद्राचं नुकसान नव्हे. वाटणीत येणाऱ्या करातला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा राज्यांचा असतो. म्हणजे सवलत दिली दिल्लीने, आणि घागर रिकामी झाली मुंबईची, चेन्नईची, पाटण्याची. दुसरी गोष्ट, उपकर आणि अधिभार या नावाने दिल्ली जो पैसा गोळा करते तो राज्यांच्या वाटणीत येतच नाही. तिसरी, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा राज्याच्या हातातले बरेच कर त्यात विरघळले. त्यापोटी पाच वर्षं भरपाई द्यायचं ठरलं होतं. जून २०२२ मध्ये ती मुदत संपली. आता राज्याने पैसा उभा करायचा कशावर? कर्जावर. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे जाईल असं दाखवलं होतं. त्याचं व्याज पगाराच्याही आधी द्यावं लागतं.

आणि आड भरतो कोण? आपली घरवाली काड्यापेटी घेते, साबणाची वडी घेते, त्यात कर असतो. पोराच्या चपलेत असतो. कापडात असतो, जे आपणच विणतो. कराने आड भरणारे आपण, पाणी कमी पडलं की तहानलेले राहणारेही आपण. मधल्या मध्ये मोटा लावून उपसा करणारे कोण, ते सांगा. त्यांची नावं सांगा. मग कारकुनाच्या तांब्याकडे बोट दाखवा.

आपल्या दारात काय चाललं आहे

महाराष्ट्राच्या सरकारी नोकरांनाही लढ्याची परंपरा आहे. १९७७-७८ चा त्यांचा चौपन्न दिवसांचा संप जुनी माणसं अजून सांगतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, आणि तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी सात दिवस संपावर गेले. ६ सप्टेंबर २०२३ ला सरकारने ठराव काढला की नऊ खाजगी एजन्सींच्या मार्फत सरकारी कामाला माणसं घ्यायची. शिकलेल्या पोरांनी राज्यभर रान उठवलं तेव्हा ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. ठराव गेला, ठेकेदारी गेली का? शाळेत, दवाखान्यात, पालिकेच्या कचरागाडीवर जाऊन विचारा.

राज्यात मंजूर असलेल्या दोन लाखांहून अधिक जागा रिकाम्या असल्याचं गेल्या काही वर्षांत वारंवार पुढे आलं आहे. ही बिनआवाजाची नोकरकपात आहे. कोणाला नोटीस नाही, कोणाची बातमी नाही. पण सरकारी दवाखान्यात नर्स नसते तेव्हा खाजगी दवाखान्यात कर्ज काढून कोण जातं? गिरणीमालक जात नाही. पालिकेच्या शाळेत मास्तर नसतो तेव्हा शिकवणीची फी कोण भरतं? एसटीचा फेरा बंद होतो तेव्हा वडापच्या जीपला लटकून सूतगिरणीच्या पाळीला कोण येतं? कारखाना तपासणारा इन्स्पेक्टर नेमलाच नाही, तर मशीनवर जाळी नाही म्हणून कोणाची बोटं तुटतात? सरकारी नोकराची रिकामी खुर्ची ही आपल्या पगारातली कपात आहे. ती पगारपत्रकावर दिसत नाही, एवढंच.

आणखी एक. हे राज्य कोणी आणलं? १ मे १९६० ला मराठी माणसाचं राज्य आलं, ते शंभरावर हुतात्म्यांच्या रक्तावर, आणि त्या लढ्यात गिरणगाव पुढे होतं. कशासाठी मागितलं होतं? नकाशावर रेघ ओढायला नव्हे. आपल्या भाषेत बोलणारा तलाठी भेटावा, पोराला आपल्या भाषेत शिकवणारा मास्तर मिळावा, आपलं दुखणं समजेल अशी दवाखान्यातली बाई असावी, म्हणून मागितलं. ही माणसं म्हणजेच राज्य. ती काढून टाकली तर मागे उरतं काय? मंत्रालयाची इमारत आणि तिच्यावरचा झेंडा. मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे थांबले आणि त्या जागी टॉवर उभे राहिले, ते आपण पाहिलं. आता राज्याचाच कारभार ठेक्याने द्यायला निघालेत, तो आपण बघत बसायचा का? सोलापूर, इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागांवर आणि गावोगावच्या सूतगिरण्यांत आपण अजून उभे आहोत. आपला आवाज गेलेला नाही.

आणि वेळ थांबणारी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला नोकरकपातीसाठी सरकारची परवानगी लागे. संहितेने ती मर्यादा तीनशेवर नेली. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांच्या डोक्यावरचं छप्पर उडालं. खुद्द सरकारच जिथे माणसं कमी करायला बसलं आहे, तिथे ते मालकाचा हात धरील ही आशा कशाला ठेवायची?

सरकारी नोकरांशी दोन रोखठोक शब्द

पाठिंबा देणाऱ्याला बोलायचा हक्क असतो. म्हणून सरकारी नोकरांच्या युनियनला आमचं सांगणं आहे.

एक, तुमच्या शेजारी बसून तेच काम करणारा ठेकेदाराचा माणूस तुमच्या युनियनचा सभासद झाला पाहिजे. त्याला बाहेर ठेवाल तर उद्या तोच तुमच्या जागी आणला जाईल. मुंबई पालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी युनियन करून वर्षानुवर्षे कोर्ट झुंजवलं आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात कायम नोकरीचा हक्क मिळवला. कचरा उचलणारी माणसं हे करू शकतात, तर तुमच्या मोठमोठ्या महासंघांना काय अवघड आहे?

दोन, अंगणवाडीच्या बाया तुमच्याच घरच्या. त्यांना पगार नाही, "मानधन" मिळतं. मान किती आणि धन किती ते त्यांना विचारा. ४ डिसेंबर २०२३ पासून त्या पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या. त्यांच्या मांडवात किती कायम कर्मचारी जाऊन बसले, याचा हिशेब तुमचा तुम्ही करा.

तीन, लाच खाणाऱ्याला युनियनची ढाल नको. एक जण शंभर रुपये घेतो आणि त्यापायी शंभर जणांच्या संपाला गावातला पाठिंबा जातो. खिडकीवर गरिबाशी नीट बोलणं हे संपाच्या तयारीतलं पहिलं काम आहे, मोर्चा त्यानंतर.

चार, संप करायच्या आधी वस्तीत या. आमच्या चाळीत, झोपडपट्टीत, फाटकावर या. पगाराबरोबर आमच्या दवाखान्याची, शाळेची, एसटीची मागणी आपल्या पत्रकात वर लिहा. आणि तातडीचं औषधपाणी संपातही चालू ठेवा. मग बघा, कोण कुठलं सरकार तुम्हाला एकटं पाडतं ते.

आपण काय करायचं

आणि आपलं काम आपण करायचं. फाटकावर "मरू द्या त्यांना" असं कोणी बोललं तर त्याच्याशी भांडू नका, त्याला बसवून हा हिशेब सांगा. तालुक्या-तालुक्यात गिरणीच्या युनियनने सरकारी नोकरांच्या, एसटीच्या आणि अंगणवाडीच्या युनियनशी मिळून एक समिती करावी. त्या समितीने सरकारकडे तीन गोष्टी मागाव्या. कोणत्या कंपनीला किती करसवलत, किती जमीन, किती वीज स्वस्तात दिली, याची यादी नावानिशी छापावी. रिकाम्या जागा खात्यावार जाहीर करून त्या कायम नेमणुकीने भराव्या. आणि कपात करायचीच झाली तर ती वरून सुरू करावी. मंत्र्यांच्या गाड्यांपासून, जाहिरातींच्या खर्चापासून, ठेकेदाराच्या दलालीपासून.

एकेक धागा कोणीही तोडतो. उभा आणि आडवा एकत्र विणला की ते कापड होतं, आणि मग ते फाडायला जोर लागतो. हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. आपण रोज आपल्या हाताने करतो. सरकारी नोकर हा उभा धागा, आपण आडवा.

तिजोरी रिकामी आहे असं जो कोणी सांगायला येईल त्याला एकच विचारा: आड कोणी उपसला? नावं सांग, आकडे दाखव, मग पुढचं बोल!

कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!